राणीच्या बागेतली बिऱ्हाडं

राणीच्या बागेचं मूळ शोधायला भायखळ्याला नाही, शिवडीला जावं लागतं. तेही थेट ख्रिस्ती कब्रस्तानात. आज जिथे क्रूस आणि संगमरवरी देवदूत ओळीनं उभे आहेत, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोपांचे वाफे होते. 1830 मध्ये मुंबईत ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ नावाची संस्था निघाली आणि 1835 मध्ये सरकारनं तिला शिवडीला बागेसाठी जमीन दिली. संध्याकाळी सहकुटुंब फिरायला यावं अशी ती बाग नव्हती. आफ्रिका, ब्रह्मदेश, दक्षिण अमेरिका अशा कुठून कुठून बोटीनं आलेलं बी-रोप मुंबईच्या मातीत आणि मुंबईच्या पावसात तग धरतं का, हे बघण्याची ती जागा होती. कंपनी सरकारचा हिशेब सरळ होता. जे तगेल आणि बाजारात खपेल, ते वाढवायचं.

या उद्योगातून बाजाराचा फायदा किती झाला कोण जाणे, पण रस्त्यांचा झाला. आपल्याकडे ज्याच्या नावाची निदान एक सोसायटी प्रत्येक गावात असते तो गुलमोहर मूळचा मादागास्करचा. भारतात त्याची पहिली नोंद 1840 च्या सुमारास शिवडीला झाली, असं जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी लिहून ठेवलं आहे. मे महिन्यात लालेलाल होणारी आपली गावं शिवडीच्या त्या वाफ्यांचं काही ना काही देणं लागतात.

मग शहरानं ही बाग उठवली. मेलेल्यांना जागा पुरेना, हे त्याचं कारण. मरीन लाइन्सजवळच्या सोनापूरला गोऱ्यांची जुनी दफनभूमी होती. ती खच्चून भरली होती आणि तिची दुर्गंधी शहराला नकोशी झाली होती. 1865 मध्ये महापालिकेचा आयुक्त झालेल्या आर्थर क्रॉफर्डनं (हो, तोच, मंडईवाला) शिवडीची जमीन नव्या कब्रस्तानासाठी घेतली. सोसायटीनं त्याआधीच भायखळ्याच्या माउंट इस्टेटवर नवं बिऱ्हाड थाटलं होतं. जागा 33 एकर. आराखडा विल्यम ट्रेसी या वास्तुशास्त्रज्ञाचा. नाव, अर्थातच, व्हिक्टोरिया गार्डन्स.

या बागेचा मागोवा घेताना मला पुन्हा पुन्हा एक गोष्ट दिसत गेली. जी बाग स्वतःच उठवलेली होती, तिच्यात पुढच्या दीडशे वर्षांत जे जे आलं, तेही बहुतेक कुठून तरी उठवलेलंच होतं. झाडं, पुतळे, दगडी हत्ती, संग्रहालयातल्या वस्तू, पिंजऱ्यातले प्राणी आणि अगदी अलीकडचे पेंग्विन, सगळे परगावचे. मुंबईतल्या घराला जसा पोटमाळा, तशी मुंबई शहराला राणीची बाग. जे टाकवत नाही आणि मांडायला जागा नाही, ते तिथे. फरक इतकाच की इथल्या अडगळीला पालवी फुटते.

1862 ची मुंबई पैशानं फुगलेली होती. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, त्यामुळे वऱ्हाड-खानदेश-गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. काल गादीत कापूस भरणारे आज गाद्या उसवून तो विकत होते, अशा गोष्टी सांगितल्या जात. या पैशाला राजनिष्ठेची जोडही होती. 1858 च्या जाहीरनाम्यानंतर कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं होतं. डिसेंबर 1861 मध्ये राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट वारला. तेव्हा बाग राणीच्या नावानं आणि बागेतलं संग्रहालय राणी व तिच्या दिवंगत पतीच्या नावानं, असं ठरलं. 19 नोव्हेंबर 1862 रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीनं बाग खुली केली आणि त्याच दिवशी खुद्द गव्हर्नरनं संग्रहालयाची पायाभरणी केली.

या संग्रहालयातल्या वस्तूंनीही तोवर बरेच धक्के खाल्ले होते. 1851 चं लंडनचं आणि 1855 चं पॅरिसचं औद्योगिक प्रदर्शन, यांच्या निमित्तानं मुंबई इलाख्यातून कारागिरीचे नमुने गोळा झाले होते. कोटातल्या एका बराकीत 1857 मध्ये त्यांचं संग्रहालय सुरू झालं. वर्ष बघा! उत्तरेत उठाव पेटला, सैनिकांना राहायला बराक हवी झाली आणि वस्तू भराभरा उचलून टाउन हॉलमध्ये नेऊन टाकल्या गेल्या. त्यात पुष्कळ मोडल्या. उरलेल्यांचा सांभाळ ज्याच्याकडे आला तो डॉ. जॉर्ज बर्डवुड. जन्म बेळगावचा, पेशानं डॉक्टर, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारा आणि कुठल्याही झाडाचं पान दिसलं की खिशात घालणाऱ्यांपैकी. बाग आणि संग्रहालय दोन्हींमागे त्याची धडपड होती. त्याच्याबरोबर होते जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड.

भाऊ दाजींवर थोडं थांबायला हवं. पेडण्याजवळच्या मांद्रे गावचा हा मुलगा मुंबईत शिकला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून 1851 मध्ये डॉक्टर झाला. पुढे दोनदा मुंबईचा नगरपाल झाला. शिलालेख वाचणं, नाणी जमवणं, मुलींच्या शाळेला पैसे देणं, नाटक मंडळ्यांना आधार देणं हे सगळं प्रॅक्टिस सांभाळून. महारोगावर त्यांनी कडू कवठीच्या बियांच्या तेलाचे प्रयोग केले आणि त्यांच्या औषधानं गुण येतो असा त्यांचा लौकिक होता. वनस्पती ही त्यांच्या दृष्टीनं शोभेची वस्तू नव्हती, ते औषधाचं कपाट होतं. ‘व्हिक्टोरिया’ या नावामागे राजनिष्ठा असेल, पण बागेत कुठलं झाड लावायचं हे ठरवणाऱ्या माणसांना या झाडांशी खरंखुरं काम होतं.

बर्डवुड आणि भाऊ दाजींच्या मैत्रीचा एक पुरावा वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत शिल्लक आहे आणि तो मला फार आवडतो. अरबस्तान आणि सोमाली किनाऱ्यावरून जो सुगंधी धूप जगभर जातो, त्याची झाडं नक्की कोणती, हा त्या काळी गोंधळाचा विषय होता. आपल्या सातपुड्यातल्या सालईची ही भावंडं. एडनच्या बाजूनं मागवलेली त्यांची रोपं बर्डवुडनं भायखळ्याच्या बागेत वाढवली, निरखली आणि 1870 च्या सुमारास लंडनच्या लिनिअन सोसायटीत त्यावर निबंध प्रसिद्ध केला. नव्या जातींना नावं द्यायची वेळ आली तेव्हा एकीला त्यानं गव्हर्नर फ्रिअरचं नाव दिलं: बॉस्वेलिया फ्रेरिआना. आणि दुसरीला आपल्या मित्राचं: बॉस्वेलिया भाऊदाजियाना. धूप देणाऱ्या झाडाला मांद्र्याच्या डॉक्टरचं नाव! पुढच्या शास्त्रज्ञांनी ही दुसरी जात स्वतंत्र नाही असं ठरवून तिला दुसऱ्या जातीत विलीन केलं. गव्हर्नरची जात मात्र टिकली. सरकार दरबारी असंच चालायचं, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण शंभर वर्षांनी बागेतल्या संग्रहालयानं त्याची परतफेड केली, ती पुढे येईलच.

कापसाचा पैसा जसा आला तसा गेला. 1865 मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, भाव कोसळले, शेअरबाजार बुडाला आणि कालचे लक्षाधीश दिवाळखोरीच्या कोर्टात उभे राहिले. जगन्नाथ शंकरशेट त्याच वर्षी वारले. संग्रहालयाच्या वर्गणीचे आकडे कागदावरच राहिले. अर्धवट बांधकाम शेवटी सरकारी पैशातून पुरं झालं आणि 2 मे 1872 रोजी इमारत लोकांसाठी उघडली. पुढच्याच वर्षी सोसायटीनंही दम तोडला आणि 1873 पासून बाग महापालिकेच्या गळ्यात पडली. आजतागायत ती तिथेच आहे.

वर्गणीतून जे खरोखर उभं राहिलं त्यात ससून कुटुंबाचा वाटा मोठा. डेव्हिड ससून हाही उठून आलेलाच. बगदादच्या यहुदी घराण्यातला हा माणूस तिथल्या पाशाच्या जाचाला कंटाळून 1832 मध्ये मुंबईला आला आणि अफू-कापसाच्या व्यापारात अमाप मोठा झाला. संग्रहालयाच्या आतला प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा त्याच्या देणगीतला. प्रवेशाजवळचा घड्याळाचा मनोराही त्याचाच. या मनोऱ्याकडे वर बघायला कुणी थांबत नाही, कारण एव्हाना पोरांनी तिकिटाच्या रांगेकडे ओढायला सुरुवात केलेली असते. थांबलात तर चार बाजूंना चार चेहरे दिसतील. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र. घड्याळाचे काटे बिघडले तरी निदान दिवसाचा प्रहर कळावा अशी योजना असावी, असा माझा आपला खोडसाळ तर्क.

आता हत्ती. जिवंत नव्हे, दगडी. संग्रहालयाच्या आवारात सुमारे 13 फूट लांबीचा काळ्या कातळाचा एक हत्ती उभा आहे. पोर्तुगीज घारापुरी बेटावर उतरले तेव्हा धक्क्याच्या बाजूला त्यांना हाच दिसला आणि त्यांनी बेटालाच हत्तीचं नाव देऊन टाकलं. ‘एलिफंटा’ म्हणून जगभरचे प्रवासी जिथे लाँच करून जातात, तिथे तो नावाचा हत्तीच नाही. तो भायखळ्याला आहे. 1814 मध्ये त्याचं डोकं आणि मान गळून पडली. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचं ठरलं. उचलताना यारीनं दगा दिला आणि हत्ती पडून त्याचे तुकडे तुकडे झाले. एवढ्या फुटलेल्या मालाचं बोटीचं भाडं कोण भरणार? तुकडे व्हिक्टोरिया गार्डनमध्ये आणून टाकले गेले आणि तिथे पन्नास वर्षं पडून राहिले. 1914 मध्ये कॅडेल आणि ह्यूएट या दोन साहेबांनी ते जुळवून हत्ती पुन्हा चार पायांवर उभा केला. जवळ जाऊन बघा. अंगावरून सांध्यांच्या रेघा गेलेल्या आहेत. कुठे दगडाचा रंग जुळत नाही, कुठे कडा बोथट होऊन बसल्या आहेत. पाठीवरून हात फिरवला तर बोट कुठे अडखळेल ते डोळ्यांनाच कळतं. लंडनच्या एखाद्या दालनात तो अखंड आणि तुळतुळीत राहिला असता. यारी मोडली म्हणून मुंबईत राहिला. आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या वस्तूंच्या वाट्याला अशी मोडकी यारी आली नाही.

प्राणी आले ते 1890 मध्ये. बागेला आणखी 15 एकरांची जोड मिळाली आणि त्यावर प्राणिसंग्रहालय उभं राहिलं. नंतरच्या भरीनं बाग आजच्या सुमारे 53 एकरांपर्यंत गेली. आता याच वर्षाशेजारी मुंबईच्या इतिहासातली दुसरी एक नोंद ठेवून बघावी. एप्रिल 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गिरणी कामगारांची प्रचंड सभा घेतली आणि जूनमध्ये गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. तोपर्यंत गिरणीतल्या माणसाला रविवार हा वारच नव्हता. त्याला सुट्टी मिळाली त्याच वर्षी लालबाग-परळ-चिंचपोकळीहून चालत जाता येईल अशा अंतरावर वाघ-सिंह येऊन बसले. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी कार्यकारण संबंध नाही, योग आहे. पण या योगानं बागेचं रूपच पालटलं. साहेब लोकांच्या बँडस्टँडची, घोडागाड्यांची आणि वनस्पतींच्या लॅटिन नावांची बाग कामगारांच्या कुटुंबांची झाली. लोखंड्यांनीही ती आपली मानली असावी. 1893 च्या हिंदू-मुसलमान दंग्यानंतर सलोख्यासाठी त्यांनी मेळावा घेतला तो याच बागेत.

पुढची ऐंशी-नव्वद वर्षं मराठी मुंबईच्या मनात ही बाग प्राण्यांचीच राहिली. मे महिन्यात कोकणातून किंवा घाटावरून पाहुणे आले की फेरी ठरलेली: राणीची बाग, तारापोरवाला मत्स्यालय, म्हातारीचा बूट आणि जमलं तर गेटवे. हत्तीवरून चक्कर मारलेली माणसं आज साठी-सत्तरीत आहेत आणि ती गोष्ट सांगताना त्यांचा आवाज लहान होतो. घरून बांधून आणलेल्या पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, वर्तमानपत्रावर मांडलेली पंगत, आणि डब्यावर टपलेले कावळे. ‘याला राणीच्या बागेत सोडून या’ ही धमकी देऊन कित्येक आयांनी पोरं ताळ्यावर आणली. पिंजऱ्यातल्या जनावरांचं म्हणाल तर तो देखावा बराचसा केविलवाणा होता. सिमेंटची जमीन, गजांची भिंत आणि त्या दोन्हींमधल्या दहा पावलांत येरझाऱ्या घालणारा वाघ. लहानपणी त्याची भीती वाटायची; मोठेपणी आपल्या मुलाला घेऊन तिथे उभं राहिल्यावर पोटात कसनुसं व्हायचं.

या काळात झाडांकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि तेच त्यांच्या पथ्यावर पडलं.

1965 मध्ये आणखी पाहुणे आले. इंग्रज जाऊन अठरा वर्षं झाली होती तरी त्यांचे गव्हर्नर, व्हाइसरॉय आणि राजे-राण्या मुंबईच्या चौकाचौकांत उभ्या होत्या. ते पुतळे हटवा अशी मागणी जोर धरत होती. हटवायचे, पण ठेवायचे कुठे? उत्तर शहराला तोंडपाठ होतं. काळा घोडा या भागाला ज्याच्यामुळे नाव मिळालं तो सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, अल्बर्ट ससूननं दिलेला आणि 1879 मध्ये बसवलेला, भायखळ्याला आला. चौकाचं नाव मात्र काळा घोडाच राहिलं. 2017 मध्ये तिथे पुन्हा एक घोडा बसवला गेला, यावेळी पाठीवर राजा नसलेला. म्हणजे घारापुरीचं झालं तेच. नाव तिकडे, जनावर इकडे.

त्याच लाटेत खुद्द राणीही राणीच्या बागेत आली. मॅथ्यू नोबल या शिल्पकारानं घडवलेला व्हिक्टोरियाचा हा संगमरवरी पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी मुंबईला भेट दिला होता आणि 1872 पासून तो कोटातल्या तार कचेरीजवळ नक्षीदार छत्राखाली विराजमान होता. या पुतळ्यावर एका रात्री कुणीतरी डांबर ओतलं आणि गळ्यात खेटरांची माळ घातली. साहेबांचे पोलीस शोधून दमले. पुढे 1897 मध्ये रँडच्या वधासाठी पकडलेल्या दामोदर चापेकरांनी तुरुंगात आपलं आत्मवृत्त लिहिलं तेव्हा कळलं की तो उद्योग चापेकर बंधूंचा. डांबराचे डाग काढता काढता सरकारची पुरेवाट झाली होती म्हणतात. ज्या बागेला या बाईचं नाव होतं तिथे ती शंभर वर्षांनी राहायला आली खरी, पण आली तीही पदच्युत होऊन. आणि बागेचंही नाव बदललं: वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पाटीवर, तिकिटावर, पालिकेच्या कागदावर तेच नाव आहे. बेस्टच्या बसमध्ये मात्र कंडक्टरला ‘राणीबाग’ म्हटल्याशिवाय तिकीट फाटत नाही. इथे कुणाचा अनादर नसतो; भायखळ्याच्या जिभेला वळणच तसं पडलं आहे.

1975 मध्ये संग्रहालयाचं नाव बदललं आणि ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय झालं. धुपाच्या झाडावरून जे नाव पुसलं गेलं ते असं इमारतीवर आलं. इमारतीची अवस्था मात्र तेव्हा बरी नव्हती आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं आणखी खालावत गेली. 2003 मध्ये महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी एकत्र येऊन जीर्णोद्धार हाती घेतला. 2005 मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि 2008 मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं. आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा छताकडेच बघत राहावं लागतं, इतका हिरवा-सोनेरी रंग तिथे उतू जातो. मग खाली नजर आणून काचेच्या कपाटांतली मातीची छोटी माणसं बघावीत. जातीजातींचे, धंद्याधंद्यांचे मुंबईकर, वीतभर उंचीचे, पागोट्या-टोप्यांसकट. गोऱ्या राज्यकर्त्याला प्रजा कपाटात नीट लावून हवी होती हे त्यात दिसतंच. पण करणाऱ्या कारागिराला माणसं आवडत होती हेही दिसतं.

बागेवरचं सगळ्यात मोठं संकट आलं ते 2007 मध्ये. पालिकेनं बागेचा कायापालट करून आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय करायचं ठरवलं. बँकॉकच्या एका कंपनीकडून आराखडा आला. खर्चाचा अंदाज 433 कोटी. त्यात वेगवेगळ्या खंडांचे देखावे होते, नव्या इमारती होत्या, पाण्याखालून बघायच्या सोयी होत्या. एकच गोष्ट त्या नकाशात नीट दिसत नव्हती: आधीपासून तिथे उभी असलेली झाडं. बाग वारसा यादीत होती, पण लोकांच्या मनात तिची ओळख प्राणिसंग्रहालय म्हणून इतकी घट्ट बसली होती की ही मुळात वनस्पती उद्यान आहे, मुंबई शहरातलं एकमेव, याचा पालिकेलाही विसर पडल्यासारखं झालं होतं. तेव्हा काही मुंबईकर, त्यात बायका पुढे, वह्या-पेन्सिली घेऊन बागेत उतरले. त्यांनी झाड न् झाड मोजलं. सेव्ह राणीबाग बोटॅनिकल गार्डन फाउंडेशनच्या नावानं तो हिशेब जाहीर झाला: 3,213 झाडं, 286 जाती. वारसा समितीपुढे, पालिकेपुढे, वर्तमानपत्रांतून ही मंडळी तेच तेच आकडे मांडत राहिली आणि मूळ आराखडा गुंडाळावा लागला. नंतर जे झालं ते बरंच लहान प्रमाणावर. घोषणा न देता निव्वळ मोजणी करून जिंकलेली ही लढाई मुंबईच्या आंदोलनांत वेगळी आहे, आणि तिचं कौतुक व्हायला हवं तेवढं झालेलं नाही.

झाडांच्या त्या यादीत किती देश आहेत! गोरखचिंच आफ्रिकेची, पर्जन्यवृक्ष आणि कैलासपती दक्षिण अमेरिकेकडचे, सीताअशोक आपला. आणि उर्वशी. ब्रह्मदेशातलं हे झाड 1827 मध्ये वॉलिक या शास्त्रज्ञाच्या नजरेला पडलं ते सालवीन नदीकाठच्या एका बौद्ध मठाच्या आवारात. गव्हर्नर जनरलची बायको लेडी अ‍ॅम्हर्स्ट हिच्या नावावरून त्यानं त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं. रानात ते आज जवळजवळ सापडत नाही. जगात आहे ते अशा बागांतूनच. फुलांचा घोस हातभर लांब देठावरून उलटा खाली लोंबतो. पाकळ्या कुंकवासारख्या लाल, वरच्या मोठ्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका, आणि कोवळी पानं कोमेजल्यासारखी तांबूस, मलूल लटकलेली. नवख्या माणसाला वाटतं झाडाला पाणी घालायला माळी विसरला. तसं नसतं, त्या झाडाची कोवळी पालवी अशीच असते, आठवड्याभरात ती हिरवी होऊन ताठ होते.

उर्वशीपाशी गर्दी नसते. गर्दी पेंग्विनपाशी. जुलै 2016 मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईत आले. त्यातला एक ऑक्टोबरमध्ये मेला आणि पालिकेतल्या राजकारणाला पुढची कित्येक वर्षं पुरेल एवढं खाद्य मिळालं. पेंग्विन हा मराठी राजकारणातला टोमणा झाला. मार्च 2017 मध्ये त्यांचं दालन लोकांना खुलं झालं. 15 ऑगस्ट 2018 रोजी तिथे एक पिल्लू जन्मलं. भारतात जन्मलेलं पहिलं पेंग्विन, तेही स्वातंत्र्यदिनी! बातम्यांना ऊत आला. ते जेमतेम आठवडाभर जगलं. पण नंतर संसार वाढला. हे पक्षी बर्फातले नव्हेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तरी मुंबईचा मे महिना त्यांना सोसणारा नाही, म्हणून दालन सोळा ते अठरा अंशांवर गार ठेवावं लागतं. पेंग्विनच्या खर्चावरून कुरकुरणाऱ्यांतही घाम पुसत त्या दालनात जरा जास्तच रेंगाळणारे असतात, हे मी पाहिलं आहे.

पेंग्विनपाठोपाठ तिकीटही वाढलं. मोठ्यांना पाच रुपये होते ते ऑगस्ट 2017 पासून पन्नास झाले, मुलांना पंचवीस. आई-वडील आणि दोन मुलं असं कुटुंब असेल तर शंभरात भागतं. ज्या गिरणगावासाठी ही बाग रविवारची होती तिथल्या गिरण्या 1982 च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या जागी टॉवर आले. तरी रविवारी बागेत आजही कल्याण-कसाऱ्याकडून, नालासोपारा-विरारकडून लोकलनं आलेली कुटुंबं दिसतात. भायखळा स्टेशनातून पूर्वेला उतरायचं आणि दहा मिनिटं चालायचं.

जाणाऱ्यांना माझी आग्रहाची सूचना एवढीच की पोरांना आधी पेंग्विन आणि वाघ दाखवून मोकळं व्हावं. तेव्हाच्या औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून फेब्रुवारी 2020 मध्ये आलेल्या वाघांच्या जोडीनं इथे जुन्या गजांऐवजी काचेपलीकडचं मोकळं आवार पाहिलं. मग घामाघूम होऊन झाडांखालच्या बाकावर बसावं. मुलं पाणी पीत असतील तेवढ्यात मोठ्यांनी खोडावरच्या पाट्या वाचाव्यात. पाटी असेल तिथे असेल, नसेल तिथे माळ्याला विचारावं. त्यांना पुस्तकातली नावं येतात असं नाही, पण कुठलं झाड कधी फुलतं हे नेमकं ठाऊक असतं. संग्रहालयाला वेगळं तिकीट आहे, ते काढावं. हत्ती बघायला विसरू नये, आणि मागच्या बाजूला कडेनं उभे असलेले नाकतुटके लाटसाहेबही. फक्त बुधवारी जाऊ नये. बुधवारी बाग बंद असते, आणि संग्रहालयही.